थंड प्रदेशांतील जीवसृष्टीचे आशादायी भविष्य प्रामाणिकपणे कल्पिता येते का?

उत्तरायण यांचा प्रश्न

नमस्कार. गेल्या काही महिन्यांपासून मी २१०० सालच्या आर्क्टिक प्रदेशातील एका दिवसाचे कल्पित वर्णन लिहिण्याचा प्रयत्न करत आहे आणि दोन खर्डे लिहून दोन्ही बाजूला ठेवले आहेत. पहिला खर्डा वाचला तर तो मृत्युलेख वाटला: बर्फ गेला, अस्वले गेली, नोंद ठेवणारा एकटा माणूस उरला. त्यावर उतारा म्हणून दुसरा लिहिला, तर तो सहलींच्या माहितीपत्रकासारखा झाला. त्यात सगळे प्राणी जागच्या जागी होते, आकाश निळे होते आणि मधल्या पाऊणशे वर्षांत नेमके काय घडले याबद्दल एक अक्षरही नव्हते.

आर्क्टिक प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. ही वस्तुस्थिती झाकून मला आशा लिहायची नाही; वाचकाला ती लबाडी लगेच कळते. परंतु निव्वळ विनाशाचे चित्र रंगवणे हेदेखील सोपेच काम आहे, कारण त्यात लेखकाला काही उभे करून दाखवावे लागत नाही, असे मला आता वाटू लागले आहे.

म्हणून येथील जाणकारांना विचारते. थंड प्रदेशांतील कोणती हानी भरून येण्यासारखी आहे आणि कोणती नाही? जिच्या आधारे पुढची कल्पना बेतता येईल अशी एखादी पुनरागमनाची गोष्ट प्रत्यक्षात घडलेली आहे का? आणि ही आशा बाळगायची तरी कोणाबद्दल, आज तेथे असलेल्या जीवांबद्दल की उद्या तेथे येणाऱ्यांबद्दल? अचाट तंत्रज्ञानाने सगळे वाचले, अशी सोडवणूक मात्र नको. अंतराळातले आरसे आणि पुन्हा जिवंत केलेले मॅमथ या मंडळींना मी पहिल्याच पानावरून निरोप दिला आहे.

शून्याखाली यांचे उत्तर

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बर्फाच्या प्रकारावर अवलंबून आहे, आणि बहुतेक कल्पित लेखनात नेमकी येथेच गल्लत होते, कारण तेथे ‘बर्फ’ या एकाच शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात.

समुद्रावर तरंगणारा उन्हाळी बर्फ हा त्यांतला सर्वांत विसराळू. एका उन्हाळ्यात तो फार वितळला, तर पुढच्या हिवाळ्यात त्याची भरपाई करण्याची एक अंगभूत सोय त्याच्यात आहे. जाड बर्फ हा समुद्रावर पांघरलेल्या गोधडीसारखा असतो. गोधडी विरली की हिवाळ्यात समुद्राची उष्णता झपाट्याने वर निघून जाते आणि खालच्या बाजूने नवा बर्फ लवकर धरतो. त्यामुळे उन्हाळी समुद्रबर्फाचे प्रमाण साधारणपणे त्या त्या काळच्या तापमानाच्या मागोमाग चालते, आणि एखाद्या ठरावीक रेषेपलीकडे गेल्यावर तो कायमचा नाहीसा होतो असे दिसत नाही. २०१० साली स्टीव्हन ॲमस्ट्रप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हीच मांडणी ध्रुवीय अस्वलांच्या संदर्भात केली होती: उत्सर्जनाला आळा बसला तर बर्फाची घट थोपवता येते आणि अस्वलांच्या टिकून राहण्याची शक्यता त्या प्रमाणात वाढते. तुमच्या कथेत तापमान शिखर गाठून किंचित उतरू लागले असेल, तर बर्फाची कड पुन्हा दक्षिणेकडे सरकताना दाखवण्यात काहीही खोटे नाही.

ग्रीनलंडवरच्या हिमस्तराचे तसे नाही. तो वितळून बुटका होत गेला की त्याचा पृष्ठभाग खालच्या, अधिक उबदार हवेत येतो आणि आणखी वितळतो; तापमान थोडे उतरले म्हणून त्याची गेलेली उंची परत येत नाही. तिसरी गोष्ट पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षे गोठून राहिलेली जमीन. तिच्यात हजारो वर्षे साचलेला सेंद्रिय गाळ एकदा कुजून हवेत गेला, की माणसाच्या हिशेबात तो गेलाच. तेव्हा २१०० सालच्या तुमच्या दृश्यात समुद्र सावरू लागलेला आणि जमीन मात्र खचलेली, असे दोन्ही एकाच चौकटीत असायला हवे. मला तरी सत्याच्या सर्वांत जवळचे चित्र हेच वाटते.

आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगी पडेल. १९८७ चा माँट्रियल करार ओझोनच्या थरासाठी झाला. त्या वाटाघाटींत आर्क्टिकच्या बर्फाचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. ओझोन नष्ट करणारी ती रसायने अतिशय प्रभावी हरितगृह वायूही आहेत, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, संगणकी प्रारूपांवर आधारित एका अभ्यासात असे आढळले की १९५५ ते २००५ या काळात मानवी कारणांनी झालेल्या आर्क्टिक समुद्रबर्फाच्या घटीपैकी सुमारे अर्धी घट एकट्या त्यांच्यामुळे होती. त्यांचा वापर थांबवून जगाने स्वतःच्याही नकळत बर्फाला हातभार लावला. आशेची कथा अशी आडवाटेनेही येऊ शकते.

स्थळ निवडायचे असेल तर ग्रीनलंड आणि कॅनडाच्या बेटांच्या उत्तरेचा पट्टा निवडा. वारे आणि प्रवाह बर्फ ढकलत आणून तेथील किनाऱ्यांवर चेपतात, त्यामुळे तो थरावर थर चढून सर्वांत जाड होतो आणि उन्हाळी बर्फ शेवटपर्यंत तेथेच टिकेल असा अंदाज आहे. कॅनडाने २०१९ मध्ये तेथील सुमारे ३.२ लाख चौरस किलोमीटर समुद्राला तुवाइयुइत्तुक या नावाने संरक्षण दिले. इनुइट भाषेतील त्या नावाचा अर्थ ‘जेथे बर्फ कधीच वितळत नाही ती जागा’ असा आहे. हे नाव २१०० मध्ये वाचणाऱ्याला काय वाटेल, हे तुम्ही ठरवा.

खारा वारा यांचे उत्तर

शून्याखाली यांनी बर्फाची बाजू मांडली आहे, म्हणून मी प्रत्यक्ष घडलेल्या पुनरागमनाकडे वळतो. तुम्ही आर्क्टिकबद्दल लिहीत आहात हे लक्षात आहे, तरीही मी तुम्हाला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जिया बेटावर घेऊन जाणार आहे, कारण हवामानबदल आणि माणसाचा हस्तक्षेप यांची इतकी चमत्कारिक गाठ मला दुसरीकडे कोठे दिसलेली नाही.

या बेटावर सील आणि देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांबरोबर उंदीर आले. तेथील साउथ जॉर्जिया तिरचिमणी हा छोटा पक्षी जगात अन्यत्र कोठेही नाही आणि तो घरटे जमिनीवर, गवताच्या झुपक्यात करतो, म्हणजे उंदरांच्या तोंडाशीच. उंदीर होते त्या किनाऱ्यांवरून तिरचिमणी जवळजवळ नाहीशी झाली आणि उंदीर न पोहोचलेल्या लहान बेटांवर व काही कोपऱ्यांत तेवढी उरली. आता गंमत पाहा. मुख्य बेट समुद्रापर्यंत उतरलेल्या हिमनद्यांनी तुकड्या-तुकड्यांत विभागलेले आहे आणि उंदीर हिमनदी ओलांडत नाहीत. त्यामुळे प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उंदीरमुक्त करणे शक्य होते. एक भाग साफ केला की शेजारच्या भागातून ते परत येण्याची भीती नव्हती. परंतु हिमनद्या मागे हटत होत्या. आणखी काही वर्षांत त्यांच्या तोंडाशी किनारे उघडे पडले असते, तुकडे एकमेकांना जोडले गेले असते आणि ते काम हाताबाहेर गेले असते. २०११ ते २०१५ या काळात तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकण्यात आले, नंतर वास काढणारे कुत्रे घेऊन माणसांनी किनारे पालथे घातले आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. तिरचिमणी आता मुख्य बेटावर पुन्हा घरटी करते.

वितळणाऱ्या बर्फाने घातलेल्या मुदतीत पुरे झालेले हे काम आहे. तुमच्या २१०० मधील पात्रांनाही अशाच मुदती पाळाव्या लागल्या असतील, असे मी धरून चालेन.

त्याच समुद्रातील हंपबॅक देवमाशांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती बऱ्याच जणांना ठाऊक असते. नैर्ऋत्य अटलांटिकमधील त्यांची संख्या विसाव्या शतकाच्या मध्यावर सुमारे ४५० पर्यंत घसरली होती; २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ती सुमारे २५ हजारांवर, म्हणजे शिकारपूर्व संख्येच्या ९३ टक्क्यांवर पोहोचली आहे. त्यासाठी शिकार थांबवण्यापलीकडे कोणी फारसे काही केले नाही. मात्र हे देवमासे क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव, खातात, क्रिलच्या पिल्लांना हिवाळी बर्फाचा आसरा लागतो आणि क्रिलवर माणसाच्या जाळ्यांचाही डोळा आहे. तेव्हा ही गोष्ट अजून संपलेली नाही.

एक करारही नोंदवून ठेवावा. मध्य आर्क्टिक महासागराच्या सुमारे २८ लाख चौरस किलोमीटर खुल्या समुद्रात आजवर व्यावसायिक मासेमारी झालेलीच नाही, कारण तेथे बर्फ होता. बर्फ हटू लागल्यावर बोटी पोहोचण्याच्या आधीच नऊ देश आणि युरोपीय संघ यांनी २०१८ मध्ये करार करून पहिल्या १६ वर्षांसाठी ती मासेमारी रोखली. २०२१ मध्ये तो अमलात आला. लूट झाल्यावर कायदा करणे ही माणसाची जुनी खोड. येथे एकदा तरी उलटे घडले.

दगडफूल यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मला आवडली, तरी तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही. आशा कोणाबद्दल बाळगायची? यावर आपण सगळेच जरा गुळमुळीत बोलतो, कारण स्पष्ट उत्तर दिले की काही जीवांची नावे वगळावी लागतात.

हालचाल करू शकणारे जीव आपल्या अपेक्षेपेक्षा अधिक चटपटीत निघतात, हे मान्य केलेच पाहिजे. नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांवर पिले वाढवणारे गुलाबी पायांचे कलहंस पिढ्यान्‌पिढ्या नॉर्वेमार्गे ये-जा करत आले आहेत. गेल्या काही दशकांत त्यांच्यातील एका गटाने स्वीडन आणि फिनलंडवरून जाणारी वेगळी वाट धरली आणि सुमारे १,००० किलोमीटर पूर्वेला, रशियाच्या नोवाया झेम्ल्या बेटांवर नवे घर वसवले. हा गट आता तीन-चार हजार पक्ष्यांचा आहे. तेथील वसंत ऋतू तापून स्वालबार्डच्या जुन्या वसंतासारखा झाला होता, आणि वाट त्यांना बहुधा दुसऱ्या जातीच्या हंसांबरोबर उडताना सापडली. नंतर एकाचे पाहून दुसरा शिकला. उत्क्रांतीची वाट न पाहता, संगतीने घडलेला हा बदल आहे.

उत्क्रांतीचेही एक उदाहरण देते. उत्तर अमेरिकेतील स्नोशू ससा हिवाळ्यात पांढरा होतो, आणि बर्फ उशिरा पडला तर तपकिरी जमिनीवर तो दुरूनही शिकाऱ्याच्या डोळ्यांत भरतो. पण पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या सौम्य हिवाळ्याच्या भागांत काही ससे बाराही महिने तपकिरी राहतात. हा गुण त्यांना काळ्या शेपटीच्या जॅकरॅबिट या दुसऱ्या जातीच्या सशाशी फार पूर्वी झालेल्या संकरातून मिळाला, असे २०१८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले. पांढरे आणि तपकिरी असे दोन्ही प्रकारचे ससे जेथे एकत्र राहतात, त्या टापूंना जपले तर पुढच्या बदलासाठी लागणारा कच्चा माल तेथे तयारच आहे.

आता दुसरी बाजू. एम्परर पेंग्विन किनाऱ्याला चिकटलेल्या समुद्रबर्फावर पिले वाढवतात. त्यांच्या वसाहती उपग्रहाच्या चित्रांत विष्ठेच्या तपकिरी डागांवरून ओळखता येतात. २०२२ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंग्जहाउझेन समुद्रातील ज्ञात पाच वसाहतींपैकी चार वसाहतींखालचा बर्फ पिलांना पाणी न धरणारी पिसे फुटण्याआधीच फुटला आणि त्या वर्षीची तेथील जवळजवळ सगळी पिले गेली. हे पक्षी जागा बदलतात हे खरे आहे. हॅली उपसागरातील मोठी वसाहत मोडल्यावर त्यांतले अनेक पक्षी जवळच्या दुसऱ्या वसाहतीत गेलेले आढळले. पण जागा बदलत राहण्यासाठी पुढे जागा शिल्लक असावी लागते. अंटार्क्टिकाच्या दक्षिणेला आणखी दक्षिण नाही.

डोंगरमाथ्यावरच्या वनस्पतींचीही अडचण हीच आहे, कारण वर सरकता सरकता शिखर संपते. तेथे मला आशा दिसते ती अगदी छोट्या जागांत. मोठमोठ्या धोंड्यांच्या उतरणीवर भर उन्हात उभे राहून खालच्या फटीत हात घातला, तर बोटांना गार हवेची झुळूक लागते; जड थंड हवा धोंड्यांमधून झिरपत तळाशी साचते आणि काही ठिकाणी आत बर्फही टिकून असतो. पायका हा सशाच्या कुळातला मूठभर प्राणी अशाच राशींमध्ये दुपारचे ऊन टाळतो, त्यामुळे आसपासच्या हवेवरून काढलेले अंदाज त्याच्या बाबतीत काही ठिकाणी चुकले आहेत. उत्तराभिमुख घळी, भूजलाचे गार झरे, दगडांखालचे बर्फ हे सगळे नकाशावर दिसतही नाही. उत्तरायण, तुमच्या लेखात मोठे प्राणी थोडे कमी करा आणि अशी एक फट ठेवा, एवढी माझी विनंती आहे.

रानवाट यांचे उत्तर

दगडफूल हे नाव पाहून एक गोष्ट आठवली, म्हणून लिहितो.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात क्लिन्से-झा नावाचा पहाडी कॅरिबूंचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतील रेनडियरांचा, कळप आहे. २०१३ मध्ये त्यात ३८ जनावरे उरली होती. वेस्ट मोबर्ली आणि सोल्टो या दोन मूलनिवासी समाजांनी, संशोधकांना बरोबर घेऊन, हिवाळा सरता सरता गाभण माद्या पकडून डोंगरावर उंच कापडी कुंपणाच्या आत ठेवायला सुरुवात केली. पिले जन्मून चपळ होईपर्यंत, म्हणजे ऐन उन्हाळ्यापर्यंत, त्या माद्या आत असतात आणि समाजातील माणसे पाळीपाळीने तेथे मुक्काम करून राखण करतात. कॅरिबूंचा हिवाळी आहार दगडफूल. ते विकत मिळत नाही आणि पिकवताही येत नाही, त्यामुळे गावातील लहानथोर जंगलात जाऊन झाडांवरचे दगडफूल हाताने ओरबाडून पोती भरतात. २०२१ पर्यंत कळप १०१ वर गेला.

यात एक न आवडणारा भागही आहे आणि तो लपवणे बरे नाही: त्याच काळात लांडगे मारण्यात आले. जंगलतोडीमुळे आणि रस्त्यांमुळे लांडग्यांना कॅरिबूंपर्यंत पोहोचणे सोपे झाले होते; मूळ दुखणे जंगल तुटण्याचे होते आणि शिक्षा लांडग्यांना झाली. त्या दोन समाजांनाही हे ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्यांनी कुंपणावर न थांबता २०२० मध्ये सरकारांशी अधिवास संरक्षणाचा करार केला.

फिनलंडमधील पाणथळींचे कामही पाहा. लिन्नुनसुओ येथे पीट, म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा इंधनासारखा थर, काढून पोखरलेल्या जमिनीतून आम्लयुक्त पाणी वाहून युकायोकी नदीतील मासे मेले होते. तक्रार प्रथम तेथील मच्छीमारांनी केली. नंतर चर बुजवून पाणी पुन्हा साठू दिल्यावर ती जागा पक्ष्यांचा मोठा थांबा झाली, आणि स्नोचेंज ही संस्था आता अशाच अनेक जागा पूर्ववत करत आहे. ओल्या पाणथळीत कार्बन जमिनीतच राहतो, हा त्यातला आणखी एक लाभ. तुम्ही अचाट तंत्रज्ञान नको म्हणालात. चर बुजवणे याहून साधे तंत्रज्ञान माझ्या तरी ऐकिवात नाही.

उत्तरायण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री बसून तिसऱ्या खर्ड्याचा पहिला परिच्छेद लिहिला आहे. तो येथे देते. निःसंकोचपणे चुका काढाव्यात.

‘सप्टेंबर २१००. किनाऱ्याची कड रात्री आणखी हातभर खचली आणि नोंदीच्या खांबांपैकी सातवा खांब आडवा झाला. आजीच्या वहीत हा खांब किनाऱ्यापासून दोनशे पावलांवर आहे. समोर, दुर्बिणीच्या टप्प्यात, बर्फाची कड दिसते. गेल्या वर्षी ती दिसली नव्हती, त्याआधीच्या वर्षी दिसली होती, आणि आता आम्ही सलग तीन वर्षांची सरासरी काढल्याशिवाय आनंद मानत नाही. कडेवर एक अस्वल सीलच्या बिळावर दबा धरून आहे; आत पांढऱ्या लोकरीचे पिल्लू असणार. डोक्यावरून कलहंस पूर्वेला गेले. पूर्वीच्या माणसांनी त्यांना नेहमी दक्षिणेलाच जाताना पाहिले होते.’

फट अजून घातलेली नाही, दगडफूल. तिच्यासाठी पुढचा परिच्छेद राखून ठेवला आहे.

शून्याखाली

खचलेला किनारा आणि तीन वर्षांची सरासरी फार उत्तम जमली आहे. एक दुरुस्ती मात्र करावी लागेल. चकत्यांच्या सीलची मादी पिल्लाला जन्म देते ती मार्च-एप्रिलच्या सुमारास, आणि ते बीळ बर्फावर साचलेल्या हिमाच्या ढिगात कोरलेले असते. सप्टेंबरमध्ये ना ते बीळ असेल, ना पांढऱ्या लोकरीचे पिल्लू. अस्वलाचा प्रसंग ठेवायचा असेल तर तुम्हाला एप्रिलमध्ये जावे लागेल, आणि तेथे समुद्रावर बर्फ असून भागणार नाही. त्यावर बीळ कोरण्याइतके हिम पडलेले आणि अवेळी पावसाने न वितळलेले असले पाहिजे. तो तपशील घातलात तर अस्वलाकडे पाहणारा तुमचा निवेदक आधी हिमाची खोली मोजेल.

उत्तरायण

खोली मोजण्याची काठी त्याच्या हातात देते आणि महिना एप्रिल करते. मग कलहंसांना मात्र या पानावरून जावे लागेल. ते मे महिन्याच्या मध्यापूर्वी तेथे पोहोचतच नाहीत.